बघायचे कसले पैसे?

प्रश्न असा आला आहे. सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ६८,००० किलोमीटर झालेली, खड्ड्यात गेली की पुढून खडखडते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं ४१,००० रुपयांचं एस्टिमेट दिलं. घराजवळचा गॅरेजवाला म्हणतो, साडेआठ हजारांत आवाज बंद करून देतो. दोघांतला खोटारडा कोण? आणि या धंद्यात प्रामाणिक माणूस उरलाय का? उरला असेल तर तो ओळखायचा कसा?

मी पुण्यात गॅरेज चालवतो. जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे टॅपेट सेट करत शिकलो, आता लॅपटॉप जोडून गाड्या बघतो. उत्तर लांबेल.

खडखडाटाचं आधी सांगतो. दोघंही खरं बोलत असतील, असं होऊ शकतं. हा आवाज बहुतेक वेळा लिंक रॉड, चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं), शॉकअपचं वरचं माउंटिंग किंवा स्टिअरिंग रॅक यांपैकी कुठून तरी येतो. सर्व्हिस सेंटरवाले सुटा बुश सहसा बदलत नाहीत. बऱ्याच गाड्यांच्या पार्ट कॅटलॉगमध्ये तो सुटा नसतोच, अख्खा आर्म येतो. रॅकचंही तसंच. झिजलेला असतो आतला छोटा बुश, बदलला जातो पूर्ण रॅक. शॉकअप एका बाजूचा गेला तरी जोडीनं घालतात, आणि ते योग्यच आहे. त्यावर लेबर, त्यावर १८ टक्के जीएसटी. ४१,००० असे भरतात. शेजारचा गॅरेजवाला प्रेसवर बुश बसवतो, लिंक रॉड बदलतो आणि रॅकला हात लावत नाही. आवाज जातो. किती दिवसांसाठी, ते बुश कुणाचा आहे यावर. चांगल्या कंपनीचा असेल तर काही वर्षं काढतो, डुप्लिकेट असेल तर एक पावसाळा.

खरंखोटं करायचं असेल तर गाडी रॅम्पवर चढवायला सांगा आणि खाली जाऊन उभे राहा. पुढचं चाक अधांतरी असताना घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि खटखट लागली, तर दोष टाय रॉड किंवा रॅकच्या बाजूला. बारा आणि सहाच्या जागी धरून हललं तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. लोअर आर्मच्या बुशात टॉमी (छोटी पहार) घालून रेटा दिला की फाटलेलं रबर डोळ्यांना दिसतं, त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही. शॉकअपच्या नळीवर नुसती धूळ चिकटली असेल तर घाबरू नका. तेल ओघळलेलं असेल तर मात्र तो गेला. ही सगळी तपासणी पंधरा-वीस मिनिटांची आहे. ज्यानं ती तुमच्यासमोर केली त्याचा आकडा मोठा असला तरी तो विचारात घ्या. ज्यानं गाडी न उचलता काउंटरवरून यादी छापली, त्याच्याकडे स्वस्त पडलं तरी जाऊ नका.

आता प्रामाणिक माणसाचं.

लोक स्वभाव शोधत येतात. "कोणी सरळ माणूस सांगा हो." सरळ माणसं आहेत, भरपूर आहेत. पण माणूस सरळ आहे की वाकडा यापेक्षा त्याला पैसे कशाचे मिळतात हे बघितलं तर लवकर उमजेल. आमच्या धंद्यात फॉल्ट शोधायचे पैसे कोणी देत नाही. पैसे मिळतात पार्टचे आणि तो बसवायचे. शोधणं फुकट, आणि अवघड तर तेच असतं.

एक गाडी आली होती. चालता चालता अधूनमधून बंद पडायची, पाच मिनिटांनी आपली चालू. आधी दोन ठिकाणी जाऊन आलेली. एकानं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं फ्युएल पंप. आम्ही अर्धा दिवस घालवला. वायरिंग हलवून बघितली, व्होल्टेज ड्रॉप मोजला, शेवटी गिअरबॉक्सजवळची अर्थिंगची पट्टी सापडली. बोल्टखाली गंज धरलेला. घासून घट्ट केली, काम संपलं. नवा पार्ट एकही लागला नाही. मी पंधराशे सांगितले तर मालक म्हणाले, "एक बोल्ट आवळायचे पंधराशे?" मी त्यांना नऊ हजारांचा सेन्सर टाकून त्याबरोबर ती पट्टी गुपचूप घासून दिली असती, तर त्यांनी आभार मानून पैसे दिले असते. प्रत्येक मेकॅनिकच्या आयुष्यात ही गाडी येते. त्यातून काहीजण शिकतात की पार्ट दाखवला की पैसे निघतात. आणि मग तसंच करायला लागतात. ते जन्मतः लबाड नव्हते.

डॉक्टरनं तपासणीची फी घेणं बंद केलं आणि घर औषधविक्रीवर चालवलं, तर चिठ्ठीवर किती औषधं येतील याचा विचार करा. आमच्याकडे सगळा धंदाच तसा उभा आहे, आणि तो तसा उभा करण्यात गिऱ्हाइकाचाही हात आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला खर्चाचाच आहे. गाडी नेताना सांगा, "तपासायचे जे होतील ते घ्या. काम इथंच करीन असं नाही. काय आहे ते लिहून द्या." पाचशे जातील, हजार जातील, इलेक्ट्रिकल फॉल्ट असेल तर जास्त जातील. पण ज्या क्षणी तपासणीचे पैसे ठरले, त्या क्षणी समोरच्याला पार्ट विकण्याची गरज उरत नाही. "काही झालेलं नाही, फक्त चाकांची अलाइनमेंट करून घ्या" असं म्हणणं त्याला परवडतं. तपासायचे पैसे देतो म्हटल्यावर जो चिडतो किंवा "छे छे, बघायचे कसले पैसे" म्हणून गोड बोलतो, त्यातल्या गोड बोलणाऱ्याकडे जरा जास्त लक्ष ठेवा. फुकट बघणारा वसुली कुठून तरी करणारच.

हे फक्त कोपऱ्यावरच्या गॅरेजचं नाही. काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला महिन्याचं टार्गेट असतं. इंजिन डीकार्बनायझिंग, एसीचं जंतुनाशक फवारणं, अंडरबॉडी कोटिंग, इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग. यांतलं काही कधीकधी लागतंही. पण दर १०,००० किलोमीटरला प्रत्येक गाडीला सगळं लागतं, हे गणित इंजिनचं नाही, टार्गेटचं आहे. अमेरिकेत १९९२ साली सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीच्या गाडी-दुरुस्ती विभागावर कॅलिफोर्निया सरकारनं ठपका ठेवला होता. सरकारी माणसं साधे गिऱ्हाईक बनून गाड्या घेऊन गेली आणि गरज नसलेली कामं त्यांच्या गळ्यात मारली गेली. कारण निघालं ते असं की अ‍ॅडव्हायझरांना विक्रीवर कमिशन होतं, वर कोटा ठरवून दिलेला. गवगवा झाल्यावर कंपनीनं ते कमिशनच बंद केलं. तिथं काही सगळी वाईट माणसं एकदम भरती झालेली नव्हती.

तुमच्या अ‍ॅडव्हायझरशी भांडू नका, तोही नोकरी करतोय. एस्टिमेटवर बोट ठेवून एवढंच विचारा, "यातलं मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय?" गाडीच्या पुस्तिकेत किती किलोमीटरला काय बदलायचं याचा तक्ता असतो. तक्त्यात नाही ते आज नको. आणि उलटंही लक्षात ठेवा. तक्त्यातली काही कामं लुटीसारखी दिसतात पण खरी असतात. ब्रेक ऑइल हे त्यातलं पहिलं. ब्रेक तर लागतायत, मग ऑइल कशाला बदलायचं, असं लोक म्हणतात. ते हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो. सपाट रस्त्यावर वर्षानुवर्षं कळणार नाही. महाबळेश्वरहून वाईकडे उतरताना पसरणीच्या घाटात पेडल मऊ पडलं की कळेल. साधारण दोन वर्षांनी बदलावं. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे तिथं तो ठरलेल्या किलोमीटरला बदलणं हेही तसलंच. बेल्ट तुटेपर्यंत काहीच जाणवत नाही, आणि तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

आता खरी लूट जिथं चालते तिथं येऊ. माझ्या मते सगळ्यात वर एसीचा गॅस. उन्हाळा लागला की पाट्या लागतात. एसीची यंत्रणा हवाबंद असते. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, संपत नाही. छोट्या गाडीत तो जेमतेम चारशे-पाचशे ग्रॅम असतो. पाइप आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो हे खरं, पण दर मार्चमध्ये भरावा लागत असेल तर कुठेतरी लीक आहे. पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरला दगड लागलेला असतो, किंवा डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल सडलेली असते. लीक शोधायला नायट्रोजनचा दाब द्यावा लागतो किंवा चमकणारा डाय सोडून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघावं लागतं. त्याला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे कोण देणार? मग भरला गॅस, गार हवा आली, गिऱ्हाईक खूश, पुढच्या मार्चमध्ये परत. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडंथोडं जात राहतं, आणि तीन उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसर जॅम होतो. तेव्हा दोष गाडीला. कुणी गॅस भरतो म्हणाला तर विचारा: मशीननं जुना किती ग्रॅम निघाला? कमी निघाला तर गेला कुठे? या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर गाडी तिथं ठेवू नका.

दुसरी जागा म्हणजे स्कॅनर. चेक लाइट लागली, स्कॅनर लावला, पी०१७१ असा कोड आला. त्याचा अर्थ एवढाच की इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. का पडतंय ते कोड सांगत नाही. एखादा व्हॅक्यूम पाइप फाटलेला असेल, फ्युएल पंपाचा दाब कमी असेल, सेन्सर मळला असेल, सायलेन्सरच्या जोडातून हवा आत ओढली जात असेल. पण गिऱ्हाइकाला स्क्रीन दाखवता येते, "बघा, कॉम्प्युटरनं सांगितलं." मग ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, लाइट पुसली जाते आणि चार दिवसांनी परत लागते. कोड दाखवून थेट पार्टचं नाव घेणाऱ्याला विचारा की मधे काय तपासलंत.

इथं मला माझ्या धंद्याची थोडी बाजूही घ्यायची आहे. या सेन्सरवाल्यानं तुम्हाला फसवलं की त्याला खरंच कळलं नाही? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. गाडीचे पैसे गेले, दोष तसाच. मला विचाराल तर लबाडीपेक्षा अंदाजाची दुरुस्ती जास्त आहे, आणि त्या अंदाजाचे पैसे गिऱ्हाईक भरतं. पद्मिनी आणि मारुती ८०० च्या काळात मालक बोनेटवर कोपर टेकून उभा असायचा, चहा पीत. कार्बोरेटर उघडला की जेटमधला कचरा त्यालाही दिसायचा. फसवायला अवघड होतं, कारण लपवायला जागा नव्हती. आता तीच गोष्ट सॉफ्टवेअरमध्ये गेली आणि सॉफ्टवेअर कंपनीकडे. तुम्हाला दिसत नाही हे तर झालंच, पुष्कळदा आम्हालाही दिसत नाही.

हे रडगाणं नाही, यावर निकाल लागलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग, दुरुस्तीची मॅन्युअलं आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा आरोप होता. कंपन्या अपिलात गेल्या, ते व्हायचंच होतं. पण त्या आदेशातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. केवळ बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असं आयोगानं कंपन्यांना बजावलं होतं. "बाहेर हात लावलात तर सगळी वॉरंटी गेली" असं काउंटरवर कुणी दरडावलं, तर हे लेखी द्या म्हणा. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी.

सुट्या भागांचं थोडक्यात. पुण्यात नाना पेठेत गेलात तर एकाच ब्रेक पॅडचे तीन-चार भाव ऐकाल. कार कंपनीच्या खोक्यातला, तोच माल पुरवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातला, दुसऱ्या कुठल्या तरी बऱ्या कंपनीचा, आणि डुप्लिकेट. पहिल्या दोन्हींत मालाचा फरक फारसा नसतो, किमतीत असतो. चौथा म्हणजे जीवाशी खेळ. पार्टवाले मेकॅनिकला कट देतात, हे गुपित नाही, आणि डुप्लिकेटवर तो जास्त सुटतो. मला कट घेण्याचा राग नाही, दुकान चालवायला मार्जिन लागतं. राग याचा आहे की बिलावर फक्त "ब्रेक पॅड" लिहिलेलं असतं. कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर बिलावर मागा, रिकामं खोकं आणि जुना पार्ट डिकीत ठेवायला सांगा. पॅड खरंच संपले होते का, हे जुना पॅड हातात घेतल्यावर कळतं. नव्याचं घासायचं मटेरियल साधारण १० मिलिमीटर असतं, ३ च्या आसपास आलं की बदलायचं. निम्मं शिल्लक असलेला पॅड हातात आला तर काय समजायचं ते समजा.

प्रश्न विचारणाऱ्यांनी पुढे एक ओळ लिहिली आहे: गॅरेजवाला देवभोळा आहे, दुकानात मोठा देव्हारा आहे, म्हणून त्याच्यावर भरवसा वाटतो. यावर मी जपून बोलतो, कारण माझ्याही गॅरेजात स्वामी समर्थांचा फोटो आहे. खंडेनवमीला आम्ही सगळे पाने, जॅक, स्कॅनर मांडून हळदकुंकू वाहतो, त्या दिवशी हत्याराला हात लावत नाही. माझ्याकडचा डेंटिंग-पेंटिंगचा उस्ताद शुक्रवारी दुपारी नमाजाला जातो, आणि त्यानं पुटीचा थर लपवून कधी गाडी दिली नाही. मी जिथं शिकलो त्या मिस्त्रींना देवाधर्माशी देणंघेणं नव्हतं. नट घट्ट केल्यावर ते पोराला पुन्हा एकदा पाना लावून बघायला लावायचे, प्रत्येक चाकाला, प्रत्येक वेळी. आणि ज्यानं माझ्या ओळखीतल्या एका माणसाला सकाळच्या बोहनीच्या वेळी, देवासमोर उदबत्ती फिरवता फिरवता, जुनाच क्लच पॉलिश करून बसवून दिला, त्याच्या कपाळावर गंध होतं. फोटोवरून काहीही ठरत नाही, या बाजूनंही आणि त्या बाजूनंही.

पण श्रद्धेचा एक उपयोग मी पाहिला आहे. ती गिऱ्हाइकासाठी नसते. गाडीखाली कुणी बघत नसतं, रात्रीचे नऊ वाजलेले असतात, ड्रेन प्लगचा वॉशर नवा टाकायचा की जुनाच उलटा करून बसवायचा हे पोराला एकट्याला ठरवायचं असतं. तिथं भीती म्हणा, संस्कार म्हणा, मिस्त्रींचा आवाज म्हणा, काहीतरी लागतं. बिल, सीसीटीव्ही, जॉबकार्ड तिथवर पोचत नाहीत. गिऱ्हाइकाला ते तपासता येत नाही, म्हणूनच त्यानं त्याच्या भरवशावर राहू नये.

याच्याच शेजारचा दुसरा घोळ म्हणजे "आपला माणूस". गावाकडचा, नात्यातला, जातीतला, सोसायटीतल्या कुणाचा तरी मेव्हणा. माझ्या दुकानात झालेली कडू भांडणं आठवली तर ती अनोळखी गिऱ्हाइकाशी झालेली नाहीत. अनोळखी माणूस एस्टिमेट मागतो, सही करतो, पैसे देतो. आपला माणूस म्हणतो, "तू कर रे, आपण बघू नंतर." मग मी आपलेपणानं चांगला पार्ट टाकतो, तो आपलेपणानं निम्मे पैसे धरून बसलेला असतो. दोघंही सरळ, दोघंही दुखावलेले, दिवाळीला बोलणं बंद. ओळखीच्याकडे जरूर जा, पण आकडा लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पुरतात: काय काम, कुठल्या कंपनीचा पार्ट, किती रुपये, याच्यापेक्षा जास्त होणार असेल तर आधी फोन.

आता तुम्हाला न आवडणारा भाग. गिऱ्हाईक आमच्याकडे किती खोटं मागतं, ते कधी कुणी लिहीत नाही. "हा मागच्या वर्षीचा दरवाजाचा डेंटही याच विम्याच्या क्लेममध्ये बसवा ना." "बिल नको, जीएसटी वाचवा." "गाडी विकायचीय, मीटर जरा मागे घेता येईल का?" हे विचारणारी माणसं बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत काम करणारी सभ्य माणसं असतात. पावसाळ्यात तर हमखास. पाण्यातून गाडी काढली, बंद पडली, तिथंच दोन-तीनदा सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात सेल्फ मारून झालेलं इंजिनचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी वेगळं इंजिनचं कव्हर लागतं. मग मला सांगतात, "विम्याच्या सर्व्हेअरला सांगा, मी सेल्फ मारलाच नाही." वाकलेला रॉड समोर पडलेला असतो.

२६ जुलै २००५ नंतर मुंबईतल्या आणि ऑगस्ट २०१९ नंतर सांगली-कोल्हापूरच्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. त्या विकणारे सगळे काही एजंट नव्हते, घरगुती मालकही होते. (जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. रोज जो भाग बाहेर येतो तो धुतलेला असतो, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते.)

जो मेकॅनिक तुमच्यासाठी सर्व्हेअरशी खोटं बोलतो तो तुमच्याशीही बोलेल, हे उघड आहे. पण त्याहून साधी गोष्ट म्हणजे बिल. बिल नको म्हणून वाचवलेले ते १८ टक्के पुढे महाग पडतात, कारण काम फसलं तर तुमच्या हातात कागदच नाही. गाडी त्या गॅरेजात गेली होती हेच सिद्ध करता येत नाही. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. तुम्हीच नको म्हणालात तर पुढे बोलायला तोंड राहत नाही.

भांडणाची वेळ आलीच तर दोन गोष्टी माहीत असू द्या. पहिली आमच्या बाजूची. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १७०. ज्या वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य खर्चून काम केलं, ती वस्तू मजुरी मिळेपर्यंत स्वतःकडे ठेवण्याचा कारागिराला हक्क आहे. म्हणजे ठरलेलं काम केलं असेल तर पैसे दिल्याशिवाय गाडी न सोडणं ही दादागिरी नाही, कायदा आहे. पोलीस ठाण्यात जाऊन सहसा उपयोग होत नाही. रक्कम मान्य नसेल तर "हरकत राखून पैसे देत आहे" असं बिलावर लिहून गाडी सोडवून घ्या आणि मग तक्रार करा. हा हक्क केलेल्या कामापुरता आहे. न सांगता केलेल्या कामाचं बिल लावून गाडी अडवली असेल तर तुमची बाजू भक्कम असते, अर्थात काय सांगितलं होतं ते लिहिलेलं असेल तर.

दुसरी तुमच्या बाजूची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथं बऱ्याच तक्रारी, निदान कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरच्या, फोनाफोनीत मिटतात. नाही मिटली तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ऑनलाइनही दाखल होते. पण आयोगापुढे "आवाज अजून येतो" एवढं चालत नाही. दुसऱ्या गॅरेजचा तपासणीचा लेखी अहवाल लागतो, गाडीचे किलोमीटर आणि तारीख घातलेला. इथंही तेच, हा अहवाल फुकट मागू नका. फुकट लिहून देणारा दुसऱ्याविरुद्ध कागदावर सही करायला कचरतो, पैसे घेतलेला करतो.

आणि तो दुसरा गॅरेजवाला काहीही खोलण्याआधी फोटो काढून घ्या, जसं आहे तसं. नटांवरच्या पान्याच्या खुणा, पार्टवरचा नंबर, कुठं तेल आहे, कुठं कोरडं. एकदा खोललं की आधीच्यानं काय केलं होतं ते आम्हालाही सांगता येत नाही.